दोन मचवे आणि बायचं लगीन

आमच्या बाबांची दोन घरं. एक कोळीवाड्यातलं, कुडाच्या भिंतींचं, तिथं आयचं राज्य. दुसरं पाण्यावरचं, म्हणजे मचवा, आणि तिथं खुद्द आयलाही मज्जाव. नारळी पुनवेनंतर मचवा समुद्रात गेला की पुढचा पावसाळा तोंडावर येईपर्यंत बाबा नि त्यांचे खलाशी तिथंच शिजवत, तिथंच झोपत, तिथंच भांडत आणि तिथंच गोड होत. घरी यायचे ते पाहुण्यासारखे. आल्या रात्री त्यांना झोप म्हणून लागायची नाही. "जमीन हालत न्हाय गो, मानूस झोपंल कसा?" असं कुशी बदलत म्हणायचे. आय म्हणायची, "थांबा, मी पोरींना सांगतंय, चारी कोपरं धरून घर हालवतील." आम्ही गोधडीत तोंड खुपसून खिदळायचो.

बाईमाणसानं मासेमारीच्या मचव्यावर पाय ठेवायचा नाही, ही तेव्हाची रीत. आम्ही कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून वरून आलेल्या पाट्या डोक्यावर झेलायच्या, घरी आणायच्या, बोंबील वाळत घालायचे, बाजार करायचा. वर काय आहे ते बघायचं नाही. अपवाद एकच, लगीन. नवरी बापाच्या मचव्यातून सासरी जाते आणि तेव्हा बायकांचं सगळं गणगोत वर चढतं. म्हणून माझ्या थोरल्या बहिणीचं, चांगुणाचं लगीन ठरलं तेव्हा तिच्याहून जास्त मी नाचले. तिला आम्ही बाय म्हणायचो. बायला नवरा मिळणार होता, पण मला मचवा मिळणार होता! मी बारा-तेरा वर्षांची असेन. शिवाय मी नवरीची करवली. म्हणजे नवरीच्या उजव्या हाताला माझी जागा, आणि ती कुणाच्या बापाला हिसकावून घेता येत नव्हती.

बायचं वय तेव्हाच्या मानानं उलटलं होतं. दोन-तीन स्थळं तिनं नाकारली होती आणि वाड्यातल्या बायका नाकं मुरडायला लागल्या होत्या. मग एकदा अलिबागच्या बाजारात पलीकडच्या खाडीतल्या जोमा नाखव्याचा पोरगा, हरी, गर्दीत मागं बघत चालता चालता बायच्या पाटीवर धडपडला. मांदेली रस्ताभर. बाय तोंडाचा पट्टा सोडणार तोच हा ओणवा झाला आणि एकेक मांदेली उचलून, फुंकून, "माफ कर गो बाय, लागला काय?" असं त्या मासळीला विचारत पाटीत ठेवायला लागला. बाय हसत सुटली ती घरी येईपर्यंत. रात्री जेवताना पुन्हा हसली. आयनं बाबांकडं बघितलं आणि बाबांनी कालवणाकडं. महिन्याच्या आत बोलणी झाली.

हरीचा बाप जोमा नाखवा, स्वतःच्या मचव्याचा धनी. आवाज असा की तो घरात खोकला तर बंदरावर कळायचं. बायको वारलेली, घरात नुसते बाप्ये. बोंबील सुकवायला बाई नाही, बाजाराला जायला बाई नाही. त्यामुळे त्याला सुनेची भारी घाई. "या भांगात लगीन, पुढं ढकलायचा न्हाय," असं त्यानं बोलणीतच बजावलं होतं.

भांग म्हणजे काय ते सांगते, नाहीतर माझी नात म्हणेल आजी वाट्टेल ते लिहिते. पुनव-अवसेला पाण्याला जोर असतो, ते उधाण. तेव्हाच आमची डोल, म्हणजे समुद्रात रोवून ठेवायची ती मोठी जाळी, भरते. अष्टमी-नवमीच्या सुमाराला पाणी मरगळतं, भरती धड वर चढत नाही की ओहोटी धड खाली उतरत नाही, तो भांग. भांगात जाळ्यात काही शिरत नाही, म्हणून माणसं घरी येतात, जाळी सांधतात आणि लग्नं लावतात. उधाण लागलं की लगीन असो की मयत, नाखवा पाण्यावर. तर लगीन भांगातच लागायचं, आणि भांगातच खाडीच्या तोंडाशी पाणी सर्वांत कमी. हे पोराटोरांना ठाऊक. बाबांना तर झोपेतही ठाऊक. पण लेकीच्या लग्नात माणसाचं डोकं ठिकाणावर असतं काय?

मचवा भरायला लागले तेव्हा बाबांचा हिशेब होता माणसांचा. आयनं आणलं सामान. तांदळाची पोती, नारळ, हंडे-कळश्या, पाटा-वरवंटा आणि वर दगडी जातं. "जातं कला, कशाला?" बाबा ओरडले. "त्यांच्या घरान बाई न्हाय, तं जातं तरी असंल काय?" आय म्हणाली. वड्यांच्या टोपल्या चढल्या. खालूबाजावाले आपल्या ढोलांसकट चढले. आत्या चढल्या, माम्या चढल्या, त्यांची पोरं चढली, एक बकरीही चढली, ती कुणाची हे शेवटपर्यंत कळलं नाही. शेवटी कान्हूबाय चढली. तेव्हा आमच्यात लगीन धवलारीण लावायची. धवले म्हणजे लग्नाची गाणी, ती म्हणत म्हणत ती हळदीपासून सगळे विधी पार पाडायची. कान्हूबाय आमच्या वाड्याची धवलारीण, तोंडात एक दात आणि शब्द मात्र सगळे. ती बसल्यावर मचवा आणखी बोटभर बुडाला असं खलाशी शपथेवर सांगायचे.

पहाटे निघायचं ते या सगळ्या गोंधळात उजाडल्यावर निघालो. वारा छान होता. शीड फुगलं, खालूबाजा वाजायला लागला, आणि पहिल्याच लाटेला सनईवाला काठावर ओणवा झाला. त्याची सनई आत, तो बाहेर. माम्यांनी त्याला लिंबू हुंगवलं. मी नाळेवर, मचव्याच्या पुढच्या टोकावर, जाऊन बसले, पाय पाण्यावर लोंबकळत. आनंदानं मला काय करू न काय नको झालं होतं. आजही डोळे मिटले की तो वारा तोंडावर येतो आणि मी एकटीच हसते, सून म्हणते म्हातारीला काय झालं.

जोमा नाखव्याची खाडी दिसली. त्यांचं बंदर, तिथली तोरणं, माणसं, सगळं दिसायला लागलं. बाय माझा हात दाबत होती. आणि एकदम मचव्याच्या पोटाखाली खर्रर्र झालं. शीड फुगलेलं तसंच, पण मचवा जागचा हलेना. बाबांचं तोंड मी तेव्हा पाहिलं. उभ्या जन्मात ज्यानं मचवा रुतवला नाही तो नाखवा, लेकीच्या वरातीला व्याह्याच्या डोळ्यांदेखत खाडीच्या तोंडाशी चिखलात रुतला होता. भरती तिच्या टोकावर होती. आता उतरणार. आणि भांगात पुढची भरती याहून कमी, त्याच्या पुढची आणखी कमी. म्हणजे तिथी पुढं सरून पाणी वाढायला लागेपर्यंत आम्ही तिथंच. आयनं जात्याकडं बघितलं नाही, मुद्दाम दुसरीकडं बघितलं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, नवरीला लहान होडीत घालून न्यायचं. नाही! आमच्यात हळद लागलेली नवरी बापाच्या मचव्यावर चढली की उतरायची ती सासरच्यांच्या हद्दीतच. मध्येच होडीत किंवा चिखलात उतरली तर ती परत आलेली नवरी, तिचं लगीन मोडलेलं. बाकी कुणीही उतरावं, नवरीनं नाही. संध्याकाळी जोमा नाखव्याचे दोघे खलाशी होडी घेऊन आले आणि म्हणाले, "नाखवा बोलतंय, नवरीला होडीन द्या." बाबा उभे राहिले. "माझी पोर परत आलेली हाय काय? सांगा त्याला. ती माझ्याच मचव्यातून उतरंल." होडी आली तशी गेली.

इकडे मात्र बायकांना मचवा मोकळा सापडला होता. ओहोटीला मचवा एका कुशीवर कलंडला आणि आम्ही सगळं जग तिरपं करून राहायला लागलो. हंडा तिरपा, चूल तिरपी, कालवण पातेल्याच्या एका बाजूला भरलेलं आणि दुसऱ्या बाजूला रिकामं. आत्या झोपली मागच्या बाजूला आणि उठली बकरीच्या शेजारी. आयनं सगळा मचवा उलथापालथा करून पाहिला. मातीनं लिंपलेल्या लाकडी पेटीतली ती चूल पाहिली, बाबांची निजायची अरुंद जागा पाहिली आणि फळीखाली तिला गेल्या वर्षी घरातून नाहीशी झालेली लोणच्याची बरणी सापडली. "मांजरानं नेली बोललाव नव्हं?" बाबा डोलकाठीवरचा दोर सोडवायला लागले, सुटलेला असूनही. त्यावर कडी म्हणजे आमच्या म्हाताऱ्या खलाशानं, धाया त्याचं नाव, ओल्या जवळ्याचं कालवण केलं. आयनं एक घास घेतला, थांबली, दुसरा घेतला आणि म्हणाली, "आता समजला, हे घरी का येत न्हाईत ते!" माम्या एकमेकींवर पडून हसल्या. तिरप्या होत्याच, पडायला वेळ लागला नाही.

फक्त बाय हसत नव्हती. तिची हळद वाळून पोपडे धरत होती. मला जवळ ओढून म्हणाली, "पदे, सासरा तापट हाय. भांग सरला तं तो दुसरी आनंल. मी उडी मारतंय. चालत जातंय चिखलातून." मी तिचा पदर हाताला गुंडाळून धरला. मला रडू यायला लागलं. तोपर्यंत सगळी मजाच वाटत होती, पण बायचा चेहरा पाहिला आणि ती मजा सरली. तिला हरी हवा होता. एवढंच साधं होतं, आणि मध्ये हातभर पाणी कमी पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला जोमा नाखवा स्वतः आला. होडीनं नाही, आपला मोठा मचवा घेऊन, शीड लावून, थाटात. आत सामान नव्हतं, म्हणून आमच्यासारखा न रुतता तरंगत आला आणि अगदी शेजारी येऊन थांबला. सुकाणूवर हरी. नवरदेवाचा थाट कसला, कमरेला नेहमीचा रुमाल आणि अंगात फाटकी बंडी. त्यानं बायकडं बघितलं आणि पटकन खाली बघितलं.

"धर्मा नाखवा," जोमानं बाबांना आवाज लावला, "मचवा हाकाय येत न्हाय तं जाली कला लावतस?"

"तुझ्या खाडीन चिखल कोनी भरून ठेवलाय? आमच्याकडं पानी असतंय खाडीन!" बाबा गरजले.

"नवरीला उतरव. आमच्या मचव्यान घेतंव."

"मध्ये पानी हाय. माझी पोर पान्यावरून उचलून द्यायला ती काय पाटी हाय?"

"मंग बस चिखलान. दोन दिसान उधान लागंल, मना जाल्यांवर जायाचं हाय. घरान बाई पायजे. आज लगीन न्हाय लागला तं सोयरीक मोडली. दुसरी पोर तयार हाय!"

बायनं हुंदका दिला. मी ऐकला, आयनं ऐकला. पण दोघे नाखवे आता थांबणार नव्हते. सोयरिकीवरून गाडी जात्यावर आली, जात्यावरून बाबांच्या बापावर, तिथून कधीकाळी कुणी कुणाचा नांगर चोरला त्यावर. दोघांचे हात आभाळात, मानेच्या शिरा फुगलेल्या. माम्या कानांवर हात ठेवून सगळं ऐकत होत्या. आमचे खलाशी इकडून जोर देत होते, त्यांचे तिकडून. हरी सुकाणू सोडून बापाचा हात धरायला पुढं आला होता. कितीतरी वेळ हे चाललं. मध्येच कान्हूबाय, जी आतापर्यंत पान चघळत बसली होती, ती शांतपणे म्हणाली, "जोमा नाखवा, तुझा मचवा तिरपा का झाला रं?"

सगळे एकदम खाली बघायला लागले. भांडणाच्या नादात ओहोटी लागली होती. पाणी निघून गेलं होतं. जोमा नाखव्याचा मोठा मचवा चिखलात बसला होता आणि हळूहळू कलत, कलत, आमच्या मचव्याच्या काठाला येऊन टेकला. ठक्क. दोन नाखवे, दोन मचवे, एका चिखलात, एकमेकांना टेकून. जोमा नाखव्याचं तोंड उघडंच. बाबांनी त्याच्याकडं बघितलं, त्यानं बाबांकडं. आणि मग बाबांच्या मिशा थरथरायला लागल्या. आधी वाटलं, आता मारतात. पण बाबा हसत होते. मग जोमाही हसला, आणि तो हसला की काय विचारता, खाडीतले बगळे उडाले. दोघे काठावरून हात लांबवून एकमेकांच्या खांद्यांवर थापा मारत, डोळे पुसत, पुन्हा चिखलाकडं बघत आणि पुन्हा हसत. मी तर बसकण मारली. अशी हसले की उचकी लागली.

"आता सांगा," कान्हूबाय उठली, "ह्यो सासरचा मचवा हाय ना? मंग ही सासरची हद्द. नवरी पान्यान पाय घालनार न्हाय, चिखलान घालनार न्हाय, होडीन बसनार न्हाय. बापाच्या मचव्यातून निघंल ती सासरच्या मचव्यान जाईल. कोनाला काय बोलायचाय?" तिनं दोन्ही काठांवरून नजर फिरवली. "मंग खांबासारखी उभी कला? शीड उतरवा, अंतरपाट पायजे!"

जोमा नाखव्याच्या मचव्याचं शीड उतरवून ते दोन काठांच्या मध्ये धरलं. अलीकडे बाय, पलीकडे रुमालातला हरी. मुंडावळ्या आमच्याकडं होत्या, त्या शिडाखालून पलीकडं सरकवल्या. सनईवाल्याच्या जिवात जीव आला होता, कारण मचवा हलत नव्हता. त्यानं असा सूर लावला की बकरी ओरडायला लागली. आणि कान्हूबायनं धवला धरला. देवांची नावं घेतली, पूर्वजांची घेतली, मग स्वतःच्या मनानं खाडीच्या चिखलाला लग्नाला बोलावलं, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्यांना वऱ्हाडी केलं, चिंबोऱ्यांच्या नांग्यांत अक्षता दिल्या. गाताना तिचा तो एक दात चमकत होता. बाहेरून आगबोट चालली होती, तिनं भोंगा दिला, कशासाठी ते तिचं तिला माहीत, पण आम्ही सगळ्यांनी तो आमच्यासाठीच घेतला आणि हात हलवले. शीड बाजूला झालं. हरीनं हात पुढं केला, बायनं त्याचा हात धरला, मी मागून तिचा पदर सावरला आणि बाय एका पावलात सासरी गेली.

सासर इतकं जवळ कुणाचं असेल! पाणी वाढेपर्यंत दोन्ही मचवे तसेच टेकून राहिले आणि त्या दिवसांसारखे दिवस मी पुन्हा पाहिले नाहीत. सकाळी आय काठावरून बायला गरम भाकरी द्यायची. बाय तिकडे चूल पेटवायची आणि जोमा नाखवा सगळ्यांना ओरडून सांगायचा, "आमची सून पेटवतंय!" ओहोटीला मी आणि माम्या साड्या खोचून चिखलात उतरायचो, निवट्या पकडायचो, चिंबोऱ्या बिळातून ओढून काढायचो. हरी आमच्याबरोबर यायचा आणि मांडीइतका रुतायचा, मग त्याला ओढून काढायला बायचं सगळं माहेर लागायचं. बाय काठावरून टाळ्या पिटायची. जेवणं एकत्र, भांडणं एकत्र. दोघे नाखवे एकाच काठावर बसून एकच चिलीम ओढायचे आणि खाडीतल्या पाण्याला शिव्या द्यायचे. सगळं बायचं सामान आम्ही हळूहळू पलीकडं दिलं. पोती, हंडे, पाटा, जातं, सगळं. त्यांचा मचवा जड झाला आणि आमचा हलका. त्याचा अर्थ कुणी लावला नाही. आम्ही सगळी दर्यावरचीच माणसं, पण त्या दिवसांत पाण्याचा विचार करायला कुणाला सवड होती?

मग एका सकाळी मी बायच्या शेजारी काठावर बसले होते, ती तिकडच्या, मी इकडच्या. ती माझी वेणी घालत होती. मचव्याखाली पाणी शिरताना होतो तो बारीक आवाज यायला लागला. बाबांनी मान वर केली. मचवा थोडा सरळ झाला. मग आणखी. मला वाटलं दोन्ही मचवे बरोबर उठतील. पण आमचाच उठला. आम्ही वर वर जायला लागलो आणि बाय होती तिथंच खाली राहिली. तिच्या हातातली वेणी ताणली गेली.

"नांगर काढा," बाबा म्हणाले. उधाण लागत होतं, त्यांची जाळी वाट बघत होती. आय म्हणाली, "एक भरती थांबू या." बाबांनी नाही म्हणून मान हलवली. जोमा नाखव्यानं बायच्या डोक्यावर हात ठेवला.

सगळ्या लग्नांत पोर घर सोडून जाते आणि घरचे दारात रडत उभे राहतात. आमच्याकडं बाय चिखलात बसलेल्या मचव्यावर उभी होती, आणि आम्ही, तिचं सगळं माहेर, आय, बाबा, मी, माम्या, सनईवाला, बकरी, तिला तिथंच ठेवून चाललो होतो. तिनं माझी वेणी सोडली नव्हती. मीही मान मागं घेतली नाही, दुखत होतं तरी.

"सोड गो," आय हळूच म्हणाली. "पानी आलाय."

बायनं वेणी सोडली. ती अर्धीच झाली होती. घरी पोचेपर्यंत वाऱ्यानं सगळी सुटली.